माझ्या जागेसाठी तीनशे बारा अर्ज

…आणि ती जाहिरातसुद्धा मीच लिहिली, बरं का! स्वतःच्या खुर्चीची जाहिरात स्वतःच लिहायची, स्वतःच ग्रुपवर टाकायची, आणि येईल त्याला "घाबरू नका, सावकाश सांगा" म्हणून धीरही आपणच द्यायचा… असं शहाणं माणूस करतं का? मी केलं.

तुम्हाला सांगते, सहा वर्षं मी लोरेन मॅडमचं काम केलं. त्या तिकडे ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला, आणि मी इकडे फिलिपिन्समध्ये, दुमागेतेला, आमच्या जेवणाच्या टेबलावर. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात आम्हाला. त्यांची पत्रं, त्यांच्या भेटीगाठी, त्यांच्या मुलाच्या दाताच्या डॉक्टरची वेळ, सगळं माझ्याकडे. आणि रोज सकाळी आमच्या सातला त्यांच्या आईला फोन. डोरोथीआजी एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात, हृदयाची गोळी घ्यायला विसरतात. विसरतात कसल्या, घ्यायचीच नसते त्यांना! मग आधी मांजराची चौकशी, काल काय खाल्लंत त्याची चौकशी, आणि मग हळूच गोळी. हे काम माझं नव्हतंच मुळी. मॅडम म्हणाल्या होत्या, "एवढा एक आठवडा करशील का?" आणि मी काय म्हणाले? "हो मॅडम." त्या आठवड्याला यंदा चार वर्षं झाली.

आमच्याकडे ना, मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. अगदीच नाही म्हणायचं असलं तर आम्ही "बघते" म्हणतो. आता मॅडमना "बघते" म्हणजे होच वाटतं, त्याला मी काय करू?

तर गेल्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, "तुमच्या त्या असिस्टंट लोकांच्या ग्रुपवरून एखादी चांगली मुलगी शोध, आणि तुला येतं ते सगळं तिला शिकव." तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, मला हाताखाली माणूस मिळतंय! मी, बारावीसुद्धा न झालेली एफ्रोसिना, एक्कावन्न वर्षांची, आणि मला असिस्टंट! नवऱ्याला सांगितलं. तो दिवसभर तीनचाकी चालवतो, फार बोलत नाही. म्हणाला, "सगळं शिकव म्हणाल्या? मग तुला काय उरलं?" मी म्हटलं, तुला ऑफिसातलं काही कळत नाही.

आणि आमच्या गल्लीचं तुम्हाला ठाऊकच आहे, एकाचं बरं झालं की बाकीच्यांना खाऊ घातल्याशिवाय सुटका नाही. शेजारची पासिंगमावशी सकाळीच दारात. "काय मग मॅनेजरबाई, आम्हाला नुसतंच बघायला लावणार का?" दोन कढया पान्सित केलं. शेवया लांबच्या लांब ठेवल्या, मोडल्या नाहीत, आयुष्य लांबतं म्हणतात ना. गल्ली बोटं चाटून घरी गेली, आणि तेव्हापासून मला लहान पोरंसुद्धा मॅनेजरबाई म्हणायला लागली.

मग जाहिरात. मॅडमनी यादी पाठवली, वय पस्तिसाच्या आत, पदवी हवी, व्हिडिओ बनवता यायला हवा. मी ती यादी टाइप करताना हसले हो! म्हटलं बरं झालं, सहा वर्षांपूर्वी मॅडमकडे यादी नव्हती, तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं होतं की शांत स्वभावाचं कुणी हवं आहे. या यादीत मी पहिल्याच ओळीला गळले असते… हसले आणि पुढची ओळ टाइप केली.

खाली बारीक अक्षरात मी एक गंमत घातली, की अर्जाच्या सुरुवातीला आवडत्या फळाचं नाव लिहा. सगळेच ग्रुपवाले असं करतात, जाहिरात पूर्ण वाचली कुणी ते कळतं. तासाभरात तीनशे बारा उत्तरं. "मला हवंय." "मलापण." "अर्ज कसा करायचा ताई?" अहो, तेच तर वर लिहिलंय! एकानं नुसतंच विचारलं, "जेवलात का?" फळ लिहिलेले निघाले अकरा. त्यातल्या एक बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यांनी लिहिलं होतं, "आंबा. वयाची अट वाचली आहे, तरी विचारते." त्यांना नाही कळवायला मला अर्धा दिवस लागला. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. नाही लिहायची सवय असते कुणाला?

शेवटी राहिल्या दोघी. एक होती तिला प्रश्न विचारला की जांभई यायची. दुसरी रिझालिन, चोवीस वर्षांची, गिमारास बेटावरची. ती कॅमेऱ्यासमोर आली तर मागे सगळा अंधार, आणि डोक्यावर शर्टाची एक बाही. मी विचारलं, बाळ, कुठे बसलीस? म्हणाली, "कपाटात, ताई. बाहेर कोंबडे गप्प बसत नाहीत." घामानं निथळत होती पोरगी. मी विचारलं, आजींनी गोळी घ्यायला नकार दिला तर काय करशील? म्हणाली, "गोळीचं नावच नाही काढणार आधी. जेवण झालं का विचारीन."

माझंच उत्तर. शब्द न शब्द माझं.

आणि त्याच दुपारी मॅडमचं पत्र आलं. मुलगी ठरली की कळव, तुझा शेवटचा दिवस तीस तारीख. आता धंदा वाढलाय, व्हिडिओ करणारं माणूस लागणार. आणि खाली, तू आमच्या घरातलीच आहेस. आता सांगा, घरातल्या माणसाला कुणी तारीख घालून देतं का? मी ते पत्र तीन वेळा वाचलं. आणि मी काय लिहिलं? "हो मॅडम."

नवऱ्यानं जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं. भाताचा घास हातात तसाच ठेवून म्हणाला, "ती जांभईवाली पाठव. आठ दिवसांत तुला परत बोलावतील."

खरं सांगू? पटलं मला. या वयात, या शिक्षणावर मला पुन्हा कोण घेणार होतं? यादी काय असते ते मीच नव्हतं का टाइप केलं! बसले, आणि जांभईवालीचं नाव लिहिलं. चांगलं ठळक लिहिलं. नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं. आणि डोळ्यापुढे आलं, सकाळचे सात वाजलेत, तिकडे आजी फोनपाशी बसल्यात, आणि ही आळस देत विचारतेय, गोळी घेतली का? आजी म्हणणार, घेतली. ही म्हणणार, बरं. संपलं. आठ दिवस… आठ दिवस थांबणार होतं का त्यांचं हृदय माझ्यासाठी?

नाव पुसलं. रिझालिन लिहिलं. पाठवलं.

मग तीस तारखेपर्यंत शिकवलं तिला सगळं. मांजराचं नाव, मुलाच्या डॉक्टरचा नंबर, मॅडम रागावल्या की किती वेळ गप्प बसायचं ते. शेवटच्या दिवशी ती रडली. मीच म्हटलं, रडू नकोस ग, आवाज बसेल, उद्या फोन करायचाय. गल्लीत अजून कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कसं, पान्सित पोटात गेलंय त्यांच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला रिझालिनचा फोन. "ताई, आजी तोंड उघडत नाहीत. दोन दिवस गोळी नाही. म्हणतात, ती कुठाय? मॅडमना सांगितलं तर माझी नोकरी जाईल. एकदाच बोलाल?"

आणि मी काय म्हणाले?

तिनं जोडून दिलं. आजी म्हणाल्या, "कुठे होतीस ग? बरं नव्हतं का?" मी म्हटलं, हो आजी, जरा बरं नव्हतं. म्हणाल्या, "मग सांगायचं नाही का, मी आपली वाट बघत बसले." घेतली मग गोळी. निमूट घेतली.

तेव्हापासून रोज सातला तोंड धुऊन, केस विंचरून मी टेबलाशी बसते, रिझालिन आजींना जोडून देते. मॅडमना माहीत नाही, पगार नाही, कागदावर मी कुठेच नाही. परवा ताप होता हो मला, चांगला एकशे दोन. म्हटलं आज नको, आज रजा घ्यावी… पण मागायची तरी कुणाकडे?