पडद्यामागचा हात

प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे एक स्टुडिओवाले आणि त्यांची मुलगी.

“फोटो काढायला मी शिकवतो की! जुने फोटो नुसते बघायचा कसला गं अभ्यास?”

“बाबा, मुलाखतीत एका फोटोवर बोलायचंय. मी हा आणलाय.”

“अगं, हा तुझा पहिला पासपोर्टचा! वाया गेलेला. कडेला हात आलाय बघ.”

“आईचा ना?”

“मग कुणाचा? पांढऱ्या चादरीआड बसून धरलं होतं तुला. तान्ही पोरं मान धरतात होय? सगळ्यांच्याच आया तशा बसायच्या. प्रिंट काढली की मी हात कापून टाकायचो; हा तेवढा राहिला.”

“आत हेच सांगणार आहे मी. प्रत्येक फोटोत आई होती.”

“…निगेटिव्ह सगळ्या जपून ठेवल्यात मी. त्यांत एकीचाही हात कापलेला नाही. नंबर धर, आणतो!”