न्हाणीघराचा झरोका

तुम्ही धुराचं काय सांगता, ठाण्याला नौपाड्यात आमच्या न्हाणीघरातल्या चुलीचा धूर इतका कोंडायचा, की वडील आंघोळ करून रडतच बाहेर यायचे. शेवटी झरोका पाडायला गवंडी बोलावला. केवढा पाडू, असं त्याने विचारलं.

वडील म्हणाले, "नारळाएवढा पुरे."

आई म्हणाली, "सुपाएवढा पाडा. धूर भसकन बाहेर गेला पाहिजे."

अर्थातच सुपाएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी वडील आंघोळीला बसले आणि शेजाऱ्यांच्या म्हशीने झरोक्यातून डोकं आत घातलं. शिंगं अडकली, डोकं काही निघेना. मग तिने खुंटीवरचं वडिलांचं धोतर चघळायला घेतलं. आत धूर पहिल्यापेक्षा जास्त कोंडला.

आईने दाराबाहेरून विचारलं, "अहो, जातो ना आता धूर?"

वडील खोकत म्हणाले, "म्हैस गेली की जाईल. तू आधी दुसरं धोतर दे."