चिठ्ठ्यांखालचं पिल्लू

पहिलीला इंग्रजी शिकवायच्या तोंडी परीक्षेसाठी ती बाकावर ताटकळत बसली होती. शेजारी दुसरी उमेदवार आणि तिची मावशी. दोघी उमेदवारांच्या मांडीवर अस्वलाच्या पिल्लाच्या गोष्टीचं तेच इंग्रजी पुस्तक होतं.

"मावशी, पाय हलवू नकोस गं, आधीच धडधडतंय."

"पाय तुझाच हलतोय. गोष्ट सांग बघू."

"मुख्य विषय ताटातूट. वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून..."

"अगं, गोष्ट! पिल्लू हरवलं, पुढं?"

"पुढं तणाव वाढतो."

"पोरं काय तणाव ऐकायला बसणारेत? चित्रं दाखव. अगंबाई, सगळीकडं चिकटवलेल्या चिठ्ठ्याच!"

"टिपणं आहेत ती."

"आणि पिल्लू?"

"खाली असेल कुठंतरी."

"आईला सापडतं का शेवटी?"

"ते विचारत नाहीत गं!"

आतून हाक आली. भाची पुस्तक छातीशी धरून पळाली. मावशी शेजारी बसलेल्या तिच्याकडं वळली.

"तुमच्याकडं तेच पुस्तक आहे ना? बघा की जरा. मला आता चैन पडायचं नाही."

तिनं शेवटचं पान उघडलं. तिथं तिच्याही पाच चिठ्ठ्या होत्या. तिनं एक काढली.

"सापडलं?"

"थांबा हो," ती म्हणाली आणि दुसरी ओढली.