अंगणातला नवरदेव

माह्या लग्नाचं म्हणाल, तर ते क्रिकेटच्या फायनलनं जमवलं. समुद्रपूरचे पाहुणे मले पाहाले आमच्या गावी, आंजीले आले, तो नेमका फायनलचा दिवस. आमचे बाबा टीव्ही बंद कराले तयार नाई, अन् पाहुणेबी खुर्च्या ओढून टीव्हीपुढंच बसले.

आमचे हे, तवा नुसते पाहुणे, फोनवर बोलाले अंगणात गेले, अन् समोरच्यांची विकेट पडली. आत आले, तर चौकार. पुन्हा फोन आला, हे बाहेर, पुन्हा विकेट!

बाबा वरडले, "बापू, आता आत येऊ नोका! तिथंच उभे राहा!"

यायचे सख्खे वडील म्हणे, "हो रे, हलू नको!"

मग आईनं पोह्याची बशी देऊन मलेच अंगणात पाठवलं. आत विकेटा पडून राह्यल्या, बाहेर आम्ही निवांत बोलून राह्यलो.

"तुमाले क्रिकेट आवडते का?" यायनं विचारलं.

म्या म्हटलं, "आजपासून आवडते."

बशी रिकामी होत नाई, तं समोरची टीम गुंडाळल्या गेली. आपल्यायनं एकही विकेट न देता मॅच मारली. तवा कुठं बाबाले आठवलं, का पोरगी दाखवाची राह्यलीच!

"बापू, या आता आत. काय विचाराचं ते विचारा पोरीले."

हे दारातूनच म्हणे, "सारं विचारून झालं, मामाजी."

लग्नाआधीच सासऱ्याले म्हटलेल्या त्या 'मामाजी'वर दोन्ही घरचे हसले, अन् लग्न पक्कं झालं.

आता कोणतीबी फायनल असो, आंजीहून बाबाचा फोन येते. पोरीची खुशाली नाई विचारत. म्हणतात, "जावईबापूले अंगणात काढलं का?"