सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी राहिली

—हळू बोला साहेब, पोर आत्ताच निजलंय. ताप नाही म्हणतात डॉक्टर, पण माझा हात आपला सारखा त्याच्या कपाळावर. बसा. ती खुर्ची नको, पाय हलतो तिचा — ह्यांची ती, दिवसभर तिच्यावर बसून त्या प्रोग्रामच्या मागे. दिसत नाही अशा माणसांना पडद्यावरचं वाचून दाखवतो ना, तोच. कोणीही घ्या, बदला, पण बदललेलं पुन्हा सगळ्यांना तसंच मोकळं द्या — एवढीच अट. आणि तीच तुमच्या कंपनीला काढून हवीय. मग त्यात ज्याचं ज्याचं नाव, त्याची सही हवी. सगळ्यांनी दिली, ह्यांनीही काल दिली. राहिले मी.

मी कुठली हो प्रोग्रामवाली! ह्यांचा हात प्लास्टरमध्ये होता — हे सांगायचे, मी एकेक अक्षर दाबायची. सगळे तुकडे जोडून चालता प्रोग्राम बनवायचा, त्याला हे बिल्ड म्हणतात, त्याची मांडणी सगळी माझ्या बोटांनी झाली. जमलं की पडद्यावर हिरवं, बिघडलं की लाल. लाल दिसलं की पुन्हा पहिल्यापासून दाबायचं. आणि नाव टाकलं माझं! म्हटलं, अहो, मी नुसती दाबते. तर म्हणे, मग काय टेबलाचं टाकू?

करते सही, करतेच. ह्यांना तुमच्याकडे नोकरी लागेल, पोराचं औषधपाणी होईल, हे झोपतील तरी. कुठला कोण अनोळखी लिहितो, 'चालत नाही, लगेच बघा', की हे ताटावरून उठले! मीच मागे लागले ना — हे सांगायचं नव्हतं खरं — मीच म्हटलं, द्या सोडून, नाहीतर पोराला घेऊन माहेरी जाते. तेव्हा केली सही, मान खाली घालून. म्हणाले, सुटलो एकदाचा.

सुटले कुठे? आज सकाळी लाल झालं. ह्यांना काय त्याचं आता? पण मी दारातून बघतेय — पोर मांडीवर, आणि एका हाताने दुरुस्ती चाललेली. हिरवं झालं तसं पोराच्या कानात म्हणाले, झालं बघ. मला नाही सांगितलं. मला रोज सांगायचे हो.

काय? सही कुठे करायची ते दिसतंय मला साहेब. दिसतंय.

घ्या तो कागद परत. नाही, उद्याही नको. ह्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. आणि दार जरा हळू ओढा, पोर — उठलं. जा तुम्ही.