पायाला खबर न्हाई

मह्या माहेरचं गाव औंढ्याच्या पल्याड, डोंगराच्या कडंला. आमी धनगर. मेंढरं, चार शेळ्या आन थोडंसं कोरडवाहू रान. लगीन व्हईपर्यंत मह्या पायात कधी काही नव्हतं. लग्नातच पहिली चप्पल मिळाली, तीबी मी वरातीत हातात धरून चालले, नवी करकरीत, खराब व्हईल म्हनून. सासर जवळा बाजार गावाच्या बाजूला. तिथंबी मेंढरंच. सासरे गेले त्याच साली कळपात रोग शिरला, मेंढरं पटापट पडली, आन जी राहिली त्यायला चारायला माळ कुठं होता, लोकायनं माळ नांगरून सोयाबीन पेरलं. मंग मालक म्हनले, चल हैदराबादला. मालक म्हंजे आमचे हे, मी नाव न्हाई घेत, तुमी मालकच लिवा.

आमच्या हिंगोलीकडच्या लोकायला मुंबईपक्षा हैदराबाद जवळचं वाटतं, तिथली बोली कानाला बराबर लागती. गावच्या एका मानसाच्या वळखीनं बुटाच्या कारखान्यात काम लागलं. कारखाना म्हंजे काय, जुन्या शहरात एका दुकानाच्या वरची माडी. अरुंद जिना, वर पत्रा, आन खिडक्या बंद. पहिल्या दिवशी मी इचारलं, खिडकी काहून लावली? सेठ म्हनला, धूळ बसली की तळ धरत न्हाई. खरं म्हंजे खाली कोनाला दिसू नये म्हनूनबी लावलेली व्हती, ते मला मागून कळलं. मालक वरलं कापड लाकडाच्या साच्यावर ओढून बसवायचे, मी तळाला सुलेशन लावायची. सुलेशन म्हंजे चिकटवायचं ते, डब्यात असतं, बुरसानं लावायचं. काय सांगू तुमाला, पहिल्यांदा त्याचा वास गोड लागला मला. संध्याकाळी डोकं धरायचं, सकाळी परत माडीवर गेलं की बरं वाटायचं. असं कसं, हे काही ध्यानात आलं न्हाई.

तिथं बुटाचं येडच निराळं. मोठ्या रस्त्याला एक काचेचं दुकान व्हतं, त्याच्यात सनाच्या तोंडावर बाहेर देशाचा नवा बूट उतरायचा. त्या दिवशी सकाळपासून पोरं गाड्या लावून दाराशी उभी. आमचा सेठबी त्या पोरांत जाऊन उभा राहायचा, पांढरी दाढीवाला मानूस, आन एक जोड घेऊन यायचा. मंग माडीवर सगळे गोळा. मालक रापीनं, चामडं कापायच्या पात्यानं, तो बूट उसवायचे, बकरं सोलावं तसं थर थर वेगळा करायचे, आन मंग त्याच्यासारखेच आमी बनवायचो, वर नावबी तेच. एका रविवारी आमी दोघं ते दुकान पाहायला गेलो. पोरं एकमेकाच्या तोंडाकडं पाहतच नव्हती, पायाकडं पाहून बोलू राहिली व्हती. एक जन सांगत व्हता, मह्या चाच्यानं दुबईहून पाठवला. मालकायनं मला कोपरानं ढोसलं, म्हनले, तो दुबईवाला जोड मह्या हातचा हाय, टाचंची शिलाई पाह्य. लई खूश झालते त्या दिवशी. मेंढरं गेल्यापासून असं हसताना मी पाहिलं नव्हतं त्यायला.

आमच्यात एक खैरूनबी व्हती, सगळ्यायपक्षा जुनी. ती मह्या बाजूला बसून तळ पुसायची, मला भाकरीसंगं खट्टी दाल द्यायची. एक दिवस ती वर आली तं एका पायात चप्पल, दुसरा मोकळा. तिला म्हनलं, खैरूनबी, दुसरी चप्पल कुठं? तिनं खाली पाह्यलं. चप्पल जिन्यात, खालच्या पायरीवर राहिलेली. निसटली ते तिला कळलंच न्हाई. सगळे हसले, तीबी हसली. मंग हे रोजचंच झालं. मंग तिच्या हातातून बुरूस पडायला लागला. मंग तिचा लेक तिला पाठीवर घेऊन जिना चढायला लागला. सेठ म्हनला, वात हाय, वय झालं. सेठ काही वाईट मानूस नव्हता, दिसभर आमच्यातच बसायचा, आन त्याच्याबी हातात चहाची कपबशी वाजायची, हे मी पाहत व्हते. एक दिवस खैरूनबी आलीच न्हाई. तिच्या जागंवर दुसरी बाई बसली.

उन्हाळ्यात आमी भाजी आनायला निघालो. मालक पुढं, मी मागं. त्यायची एक चप्पल रस्त्यातच राहिली आन हे चालूनच राहिले, डांबर असं तापलेलं की कुत्रं उभं राहीना. मी ती चप्पल उचलली आन मागं मागं चालले. घरी येऊन पाह्यलं तं तळव्याला फोड. म्हनलं, दुखतं का? म्हनले, काय दुखतं? जेवून ते लवंडले, डोळा लागला, तवा मी सुई घेतली आन अंगठ्याला टोचली. काही न्हाई. अजून जराशी टोचली, रगताचा थेंब आला, पन मानसानं पाय काही हलवला न्हाई. मंग मी तीच सुई मह्या बोटाला लावली. मला कळलं, पन लांबून कळलं, जसं कोनी भिंतीपल्याड बोलावं तसं.

मी म्हनलं, गावाकडं चला. ते म्हनले, आता कसं, ईदचा माल हाय, नवा बूट उतरनार हाय, सेठ मला उस्ताद म्हनतो, नवा जोड उसवायला दुसऱ्या कोनाच्या हातात देत न्हाई, आन तू म्हनती चला. गावात काय हाय आपलं?

मी खैरूनबीच्या घरी गेले. ती बाजंवर बसलेली, पाय खाली लोंबलेले, वल्या फडक्यासारखे. मी काही इचारायच्या आधीच ती बोलली. मेरे पावां मेरे कने नै हैं बेटी. तेरे मियां के कैसे हैं? मी रडायला लागले. तिनं मह्या डोस्क्यावर हात ठेवला, तो हातबी हलत व्हता. म्हनली, तेरा गांव है ना, तू चली जा. मैं कां जाऊं, मेरा तो येइच गांव है.

तरी मालक ऐकंनात. नवा बूट आला. पांढराशुभ्र, हातात घेतला तं वजनच न्हाई. सगळे भोवती बसले. मालकायची सवय, बूट दोन्ही पायात दाबून धरायचा आन रापी चालवायची. चालवू राहिले, सांगू राहिले, हे पाहा इथं फोम हाय, हे पाहा इथं जाळी हाय. आन पांढऱ्या बुटावर लाल उतरायला लागलं. रापी त्यायच्या अंगठ्यात शिरलेली आन ते कापूनच राहिले. सेठनं झडप घालून बूट उचलला, आधी बूट उचलला. मालकायनं सगळ्यायच्या तोंडाकडं पाह्यलं, मंग खाली पाह्यलं. हळूच मला म्हनले, हे मह्याच पायाचं हाय का?

मी फडकं बांधलं. ते म्हनले, चल. मह्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात डाक्टरनं सांगितलं, त्या सुलेशनच्या वासानं नसा मेल्या, वासापासून लांब राहा, आल्या तं हळूहळू येतील. मह्या हाताला लवकर फरक पडला. त्यायचा उजवा पाय बराचसा आला. डावा न्हाई आला, तो वढतच चालतात. आता चार शेळ्या घेतल्या, ते बांधाला बसून राखतात. खैरूनबीचं पुढं काय झालं, कळलं न्हाई.

आता जवळ्याच्या बाजारातबी तसले बूट आले, नाडीला बांधून टांगलेले. तिकडून वारं आलं की तोच सुलेशनचा वास येतो, मी दुसऱ्या वाटंनं जाते. मागल्या आठवड्यात दिराचा लेक आन त्याची नवी नवरी आली, हैदराबादचा पत्ता इचारत. मालकायनं सगळं सांगितलं, काहीच लपवलं न्हाई, धोतर वर करून पाय दाखवला. पोरगं बराबर ऐकून घेत व्हतं. ऐकून झालं आन म्हनलं, काका, पन बायकायला लगेच काम लागतं ना तिथं? मालकायनं धोतर खाली सोडलं. मंग म्हनले, लागतं.

दुसऱ्या दिशी पहिल्या गाडीनं गेले दोघं. मी भाकरी बांधून दिल्या. नवरी पाया पडली तवा तिचे दोन्ही हात मी धरून ठेवले, गरम हात, कवळे, हळद अजून पुरती उतरली नव्हती. म्हनलं, खिडकी उघडून बस माय. ती व्हय म्हनली, तिला काय कळलं असंल. नागनाथ सांभाळो तिला. आमच्या हातात काय हाय.