भिंतीलगतची बाके

मुख्याध्यापक महोदय, फादर, इनासभाऊंच्या पत्नी मार्थाबाई, आणि पालक बंधुभगिनींनो,

इनासभाऊंविषयी बोलायला मी उभा आहे आणि ते समोर बसलेले नाहीत, हे अजून जिभेला पटलेले नाही. पालक सभेत मी बोलू लागलो, की ते मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवीत. म्हणत, "गणपतराव, वाणिज्य शाखेचा पदवीधर शब्द तरी काटकसरीने वापरील असे वाटले होते!" आज टेबलावर घड्याळ नाही. तरीही मी थोडक्यातच बोलेन.

पालक सभेचे चिटणीस म्हणून इनासभाऊंनी काय केले? माझ्या धाकट्या मुलीपुरते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात सुमन पाचवीत आली. वर्ग हाच. या डाव्या भिंतीलगतच्या बाकावर ती बसेना. बाई रागावल्या, तिला उभे केले. ती उभी राहिली, बसली नाही. घरी विचारले, तर म्हणाली, "बाबा, प्रार्थना झाल्यावर सगळे गप्प होतात ना, तेव्हा भिंतीच्या आत वाळू सांडते."

शाळेचे मत पडले, मुलगी हट्टी. माझे मत पडले, शाळा आडमुठी. मी तिचे नाव काढून घ्यायला निघालो. पापडीच्या नाक्यावर इनासभाऊंनी सायकल आडवी घातली.

"कुठे निघालात?"

"भांडायला."

"भांडा की. पण पोरीला जे ऐकू येते, ते ऐकायला कोण जाणार?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. सर, आपल्याला आठवत असेल. म्हणाले, "सर, माझी पाचवी राहून गेली आहे. आज बसवून घ्या." मुले हसली. आपणही हसलात. गुडघे पोटाशी घेऊन ते सुमनच्या बाकावर बसले. प्रार्थना संपली. वर्ग शांत झाला. इनासभाऊंनी भिंतीला कान लावला.

मग कोणी हसले नाही. त्यांचा चेहरा पाहून हसणे शक्यच नव्हते.

"सर, आता तुम्ही बसा," एवढेच ते म्हणाले. आणि सर, आपण बसलात. आपणही ऐकलेत.

या भिंतीमागे बावखल होते. बागांचे, वाटांचे पाणी त्या तळ्यात उतरत असे. मुलांना मैदान हवे म्हणून ते बुजवले कोणी? आपणच. पालकांनी आणि शिक्षकांनी, श्रमदानाने. डास जातील म्हणालो. नारळ फोडला. पाणी मात्र यायचे थांबले नाही. ते आता या भिंतीच्या पायात शिरते का, हे आपण विचारलेच नाही.

त्या दिवशी मी तावातावाने दोष कोणाचा हे ठरवू लागलो. इनासभाऊ म्हणाले, "दोष कुठे पळून जात नाही. आधी बाके हलवा." पालक आणि शिक्षकांनी मिळून ती बाहेरच्या उघड्या ओटीवर नेली. भिंत उतरवून नव्याने बांधेपर्यंत इथे वर्ग भरणार नाही, असा शब्द सरांनी इनासभाऊंना दिला.

भिंत पडली नाही. मग चेष्टा सुरू झाली. "काय इनासभाऊ, तुमची भिंत पडणार कधी?" ते म्हणत, "न पडो, बाबा. माझी फजितीच होऊ दे."

गुरुवारी छातीत कळ आली आणि इनासभाऊ गेले. आज सभेसाठी आत आलो आणि पाहिले. बाके पुन्हा भिंतीलगत लागली आहेत. सोमवारपासून पाचवीचा वर्ग इथेच भरणार आहे, असे शिपायाने सांगितले. ओटीवर झड येते, वह्या भिजतात. अडचण खरी आहे, सर. मी भांडायला उभा नाही. पण सुमनने काल मला विचारले, "बाबा, आता काका नाहीत. मग सांगायचे कोणाला?"

याचे उत्तर आपण सारे मिळून देऊ शकतो. सभा संपल्यावर दोघादोघांनी एकेक बाक उचलून बाहेर न्यावे. सर, पहिल्या बाकाचे एक टोक मी धरतो. दुसरे आपण धराल ना?

आता भिंतीलगतच्या मंडळींनी कृपया पुढे यावे. मार्थाबाई, तुम्हीही. सावकाश. बाके ओढू नका.

आले सगळे?

इनासभाऊंसाठी आपण स्तब्ध उभे राहू. डोळे मिटले नाहीत तरी चालेल. कान मात्र उघडे ठेवा.